सूचना क्रमांक सात

खालच्या गार्डने विचारलं, पाहुण्या की मालक?
मी म्हटलं, मालक.
त्याने यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली,
आणि पाहुण्यांच्या वहीत माझी सही घेतली.
एका रात्रीचंच ना, मॅडम? मग हीच वही.

चौदावा मजला. दाराच्या कडीला किल्लीचं डबडं.
त्याचा आकडा मीच ठरवलेला, जेद्दाहच्या वॉर्डात,
रात्रपाळीला, एका म्हाताऱ्याचं सलाईन संपायची वाट बघत.
आत कुणाच्या तरी शाम्पूचा वास.
भिंतीवर प्लास्टिकमध्ये घातलेला कागद:
कमोडमध्ये कागद टाकू नये.
टॉवेल माणशी एक.
दहानंतर आवाज नको.
आणि सातवी, ठळक अक्षरांत:
सुकी मासळी तळू नये, वास पडद्यांत राहतो.
इतकं तुटक मी आयुष्यात कुणाशी बोलले नाही.

घर घेऊन पाहिलं.
अकरा वर्षं हप्ते भरून पाहिले.
राहून पाहायचं तेवढं राहून गेलं.

बावीस चौरस मीटर.
न्हाणीघर म्हणजे साधारण माझी पहिली दोन वर्षं,
बाल्कनी ओव्हरटाइमची,
आणि ही खिडकी बहुतेक त्या डिसेंबरची
ज्यात मायुमीला गोवर आला होता
आणि मी दुसऱ्यांच्या मुलांचा ताप मोजत होते.

विमान आलं की आधी काच थरथरते,
मग कपातला चमचा, मग अक्कलदाढ.
वाटीत कानात घालायचे पिवळे बोळे आहेत,
नेनिता ठेवते, माझी चुलतबहीण, साफसफाई तिच्याकडे.
एका डॅनिश जोडप्याने तीनच तारे दिले होते,
स्वच्छता उत्तम, पण विमानांचा आवाज फार.
मी लिहिलं होतं, क्षमस्व, विमानतळ जवळ आहे.
आता ऐकते तर
खरंच फार आहे.

मायुमी साडेनऊला पोचली, बाकोलोदहून,
एकोणीस वर्षांची, केस कानापर्यंत कापलेले, मला न विचारता.
मिठी मारली आणि पहिला प्रश्न, वायफायचा पासवर्ड?
कागदावर बघ, शेवटच्या ओळीत.
तिने वाचला. पुन्हा वाचला.
माझं नाव? आणि जन्मतारीख?
हो.
म्हणजे इथे आलेल्या सगळ्यांनी...
सगळ्यांनी. कोरियाचे गोल्फवाले,
विमान चुकल्यावर भांडून आलेले नवराबायको,
दोहाला निघालेल्या सहा मुली, दोन पलंगांवर,
फ्रीजमध्ये अर्धा आंबा विसरलेले एक फादर.
आत आल्या आल्या, चपला काढायच्या आधी,
तुझं नाव लिहायचे, एकेक अक्षर.
चुकलं तर पुन्हा.
ती फोनकडे बघत राहिली.
मग म्हणाली, तू तर फोनवर मला
कधी नावाने हाक मारली नाहीस.

यावर माझ्याकडे सूचना नव्हती.

अकरा चाळीसचं विमान वर चढलं.
त्यात मी नऊ वेळा बसले आहे, खिडकीशी,
खाली ही इमारत शोधत.
चौदावा मजला कुठला, कधीच कळायचं नाही.
एक दिवा बोटाने धरायचे, हा आपला,
तेवढ्यात ढग.
मायुमी म्हणाली, दिवा चालू ठेव.
ठेवला. वर कोण बघत असेल, देव जाणे.

पहाटे चारला दोघींना भूक लागली.
तिने बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढली,
आतून चकाकणारे सुके मासे, घरच्या किनाऱ्याचे.
आम्ही दोघींनी भिंतीकडे पाहिलं.
सात, ती म्हणाली.
सात, मी म्हणाले,
आणि तेल तापत ठेवलं.
धुराच्या घंटीला तिने न्हाणीतली प्लास्टिकची टोपी घातली.
तिरफळासारखे जिभेला झोंबलेले ते मासे, व्हिनेगर, कुकरमधला भात,
ओट्यापाशी उभ्याउभ्या, हाताने.
मायुमी, मीठ दे, मी म्हटलं.
मीठ तिच्यापेक्षा माझ्याच जवळ होतं.

अकराला नेनिताने दार ठोठावलं.
उंबरठ्यावरच नाक वर केलं,
कोण होतं गं रात्री? दंड लावू?
लाव म्हटलं, पाचशे पेसो.
ती पडदे काढायला स्टुलावर चढली.

राहू देत, नेनिता.
पुढचा पाहुणा दोनला येणार आहे.
तोवर राहू देत.