बेण्याचं पोतं

कुमासीचा ओसेई ट्रकच्या सावलीत उभा राहून
एकच विचारतो : रंग काय?
जांभळा, मी म्हणते. गालमीचा कांदा, दुसरा काय असणार.
त्याला रस्ता तीन दिवसांचा,
मला पाच महिन्यांचा.

यंदा इलियासूने डब्यातलं बी आणलं होतं.
झाकणावर कांदा, तान्ह्याच्या डोक्याएवढा.
आलाही तेवढाच, खोटं कशाला बोलू.
पण मान बैलाची. वाळता वाळेना.
म्हटलं, हा एप्रिलातच देऊन टाक.
दिला, आणि त्यातून पाण्याचं इंजिन आलं.
त्या डब्याला मी नावं ठेवत नाही.

रूडूत मात्र माझ्या हातचा जाईल.
बाजरीच्या ताटांची भिंत, बुडाला काटक्यांची माच,
खालून वारा येईल एवढी उंच.
बारीक मानेचा घ्यायचा, घट्ट,
फिरवला की पापुद्र्यांतून कुजबुजणारा.
जोडकांदा नको.
डेंगळा आलेला तर नकोच,
त्याच्या पोटात नळी राहते
आणि नळीतून जुलैची दमट हवा आत उतरते.
सुमारानाचा पांढरा? तो चकत्या वाळवायला.

बारा पोती पसरली.
दर शुक्रवारी वाकून आत शिरते,
आधी नाकाने बघते, मग डोळ्यांनी.
एक सडला की शेजारचे सात घेऊन जातो.
(शेजारणीकडे बघू नका, कांद्याचंच सांगतेय.)

सप्टेंबरात चार पोती उरली.
कोंब नाही, ओल नाही,
पापुद्रा अजून तांब्यासारखा.
बाजारात भाव चौपट.
ओसेईचा फोन येतो, आता रंग विचारत नाही,
किती आहेत, विचारतो.

तीन, मी सांगते.
इलियासू माझ्याकडे बघतो.
चौथं मी खाटेखाली सरकवलंय.
सगळ्यांत जास्त थांबले ते,
उन्हात नाही हलले, पावसात नाही फुगले,
ऑक्टोबरात माथा छाटून मातीत लावीन,
गोंडे धरतील, बी काळं पडेल,
उरलं तर मादावाला बहिणीकडे.

एवढे फ्रँक, इलियासू म्हणतो,
बोटांवर मोजून पुन्हा म्हणतो,
एवढे फ्रँक, त्सहारा, मातीत?

हो, म्हणते,
आणि सुरी कुठे ठेवलीस ते विचारते.