पंचनामा

एकतीस वर्षं उत्पादन शुल्क खात्यात काढली.
सील, परवाने, हातभट्टीवरच्या धाडी.
दारू मला वासावरून कळायची,
चवीवरून कधीच नाही.
म्हणून पुतणीने, अर्पिताने, मेंदोसाचं तिकीट पाठवलं
तेव्हा इतवारीतला आख्खा ओटा हसला:
"काकाजी, आता कोनाची भट्टी फोडाले चालले जी?"

मेंदोसात ऊन ओळखीचं निघालं,
कोरडं, खरखरीत, आपल्या एप्रिलचं सख्खं भावंड.
रस्त्याच्या कडेने पाट वाहतात,
डोंगरावरचं बर्फ वितळून शहरात पायी येतं.
रिकार्दो नावाच्या माणसाने सकाळी अकराला विस्तव घातला
आणि दुपारी तीनपर्यंत मांसाला घाई केली नाही.
मीठ. निखारा. बाकी काही नाही.
मी खिशातली पुडी चाचपली,
शकूवहिनीचा सावजी मसाला, वाटेसाठी दिलेला,
आणि लाजून तशीच ठेवली.
दुसऱ्याच्या पानात आपली तर्री ओतू नये.

बाटली हातात आली
तर आधी उलटी करून बॅच नंबर वाचला. सवय.
मग अडुसष्टाव्या वर्षी पहिला घोट.
जांभळाची साल, ओली माती,
आणि शेवटी जिभेच्या कडांवर
कच्च्या सुपारीसारखं तुरट काहीतरी,
जे बोलू देईना.

दुसऱ्या दिवशी बस आंदीज चढली.
वळणावर वळण, आणि वर
चिलीची चौकी, वारा, एक कुत्रा.
कुत्रा नेमका माझ्याच पिशवीपाशी बसला.

अधिकारी बाई तरुण होती, बोटाला शाई.
पुडी उघडली. धणे, खसखस, मिरे,
आणि ते काळपट, कुरकुरीत.
हे काय?
"दगडफूल," मी म्हणालो.
अर्पिताने जमेल तसं स्पॅनिशमध्ये सांगितलं.
बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीतल्या उघड्या डोंगराकडे.
मग फॉर्म काढला.
वजन: एकशे चाळीस ग्रॅम. कारण: रकाना चार.
अक्षर सुरेख, एक ओळ सुटत नव्हती.
मनातल्या मनात मी शेरा दिला: उत्तम.
सही केली.
पुडी पिवळ्या डब्यात पडताना
त्या बर्फाळ उंचीवर क्षणभर
गोळीबार चौक दरवळला.

देवलापारची झनकाबाई तेव्हा आठवली.
तिचं मडकं मी लाथेने नाही, हाताने आडवं केलं होतं,
एवढंच माझं पुण्य.
मोहाची दारू मातीत मुरताना ती म्हणाली,
"साहेब, वास तरी घ्या नं, यंदाचं फूल लय गोड हाय."
मी लिहिलं: हातभट्टी, दहा लिटर, जागीच नष्ट.
फुलासाठी रकाना नव्हता.

डोंगर उतरल्यावर एका मळ्यात सांगितलं,
हे द्राक्ष शंभरावर वर्षं
इथे दुसऱ्याच्याच नावाने राबत होतं.
उशिरा पिकायचं,
त्यावरून कुणीतरी ओळखलं.
सगळ्यांनी पेले गोल फिरवले.
मी वास घेतला.
बराच वेळ घेत राहिलो.
अर्पिता म्हणाली, "काका, प्या आता."

परतलो तेव्हा मोह गळत होता.
काम नसताना एकदा मनसरच्या पुढे जाऊन आलो,
एसटीची खिडकी उघडी ठेवून.
देवलापारला उतरलो नाही.

रात्री वहिनीने विचारलं,
"मसाला आवडला का जी तिथल्या लोकाइले?"
म्हणालो, एका अधिकारी बाईने तर
आख्खी पुडीच ठेवून घेतली.
वहिनी एवढी खूश,
की जेवण अर्धं टाकून उठली
दगडफूल भाजायला.