बीजांडाचा काप

चोपड्याच्या कॉलेजात धड चालणारा सूक्ष्मदर्शक एकच.
त्याखाली कपाशीच्या कळीचा काप, रंगवून लालसर,
आणि रांगेत तेवीस पोरी.

बघा, बीजांडात एक पेशी फुगते,
शेजारणींहून मोठी, ठळक केंद्रकाची.
स्वतःभोवती भिंत घालून घेते
नि दोनदा दुभंगते: चार, एकीखाली एक.
तिघी विरतात.
राहते सर्वांत आतली.

हर्षालीने डोळा उचलला नाही.
"मॅडम, त्या तिन्ही कसाले मरतस?"

मी उगीच दचकले.
घरात ती एकुलती. तिला फक्त कारण हवं होतं.
जागा, अन्न... फळ्यावर लिहिता आलं असतं.

"नीट ठाऊक नाही गं. पुढे बघ.
उरलेली तीनदा दुभंगते.
केंद्रकं आठ, खोल्या मात्र सात,
मधल्या खोलीत दोघं.
दाराशी अंडपेशी, दोन सोबतिणी.
मागच्या भिंतीला तिघी बसून;
त्यांचं काम पुस्तकालाही धड सांगता येत नाही."

"मनी माय बीजप्लॉटवर जास," ती म्हणाली,
"सांजले नखघाई फूल सोलस,
सकायले पराग लावस.
तिले हाई दखाडता यी का?"

शनिवारी इंदूबाई आल्या,
चप्पल दाराबाहेर, पदराला परागाची पिवळी भुकटी.
आधी चुकीचा डोळा मिटला.
मग सापडलं.

बराच वेळ वाकून राहिल्या.
"इतलं बारीक? आनि मी तठेच नख लावस."

सरळ झाल्या,
आणि अंगठा मुठीत घेतला.