केनियाचा हिशेब

जेलरोडच्या गॅलरीत, गॅसच्या जुन्या बिलाच्या पाठीवर
कुमुद लिहिते : विमान. व्हिसा. पिवळ्या तापाची लस.
मुलगा देतो म्हणाला ते धरायचे नाहीत.
जीप, सहा दिवस. इथे पेन थांबतं.
ड्रायव्हरला टीप किती द्यायची असते, हो?

मला काय विचारतेस.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये कोऱ्या नोटांची बंडलं मोजली,
सुटताना खिसे उलटे करून दाखवले रोज.
पैसा माझ्या हातून गेला तो असा,
वास तेवढा बोटांना राही.

डॉलर पुन्हा वर गेला.
ती ऑगस्ट खोडून नोव्हेंबर लिहिते,
तंबूतला संडास आतला की बाहेरचा, एवढ्यावरून
अठरा हजार वाचवते.
नदी ओलांडणारी जनावरं राहू देत, म्हणते,
नुसती उभी असलेली चालतील.

खाली वॉचमन बॅटरी मारतो उसाच्या कडेने;
परवा बिबट्या दिसला म्हणे बंगल्यांच्या मागे.
कुमुद वर न बघता सांगते,
दार लावून घ्या.

आणि बेरजेखाली दोन रेघा ओढून झाल्यावर,
बारीक अक्षरात :
दुर्बीण एकच. आलटून पालटून.