कानातला बिल्ला

म्हशींचं टेबल फार फुगलं,
म्हणून आम्ही ते तालुक्यातालुक्यात वाटलं.
खानापूर, हुक्केरी, गोकाक, अथणी,
आणि चिकोडीतून निघालेल्या निपाणीलाही तिची खोली दिली.
ज्यांच्या गावाचं नाव कुठंच बसलं नाही
त्या तीनशे बारा म्हशी 'इतर' मध्ये.
एकाच गावाचं नाव चौघांनी चार तऱ्हांनी लिहिलेलं,
त्यात म्हशींचा काय दोष.

रात्री दीडला शिवलीला म्हणाली, आता इंडेक्स.
सगळ्यांवर एकदम टाकलास तर टेबल अडून बसेल
आणि तीनपासून संकलनाचे आकडे यायला लागतात.
कॅन थांबतात, पण दूध थांबत नाही.
तेव्हा आधी फक्त आईच्या नावावर टाक, लेकरांना न उठवता,
मग एकेका लेकराचा वेगळा, हळूच, चालत्या कामात,
झाला की आईला जोडायचा.
शेवटचं लेकरू जोडलं जाईपर्यंत
आईचा इंडेक्स अवैध.
हे ती अगदी सहज म्हणाली.

तिनं मोजलं वंदु, यरडु, मूरु,
मी पुढं चार, पाच, सहा.
अथणीचा अर्ध्यात मोडला,
मोडका तसाच पडून राहतो, आपोआप जात नाही,
तो काढून पुन्हा घातला.
बाहेर बेळगावची थंडी, टँकर धुतल्याचा आवाज,
रखवालदार नागप्पा हलगेकर चहा ठेवून गेला आणि
अजून झालं नाही होय, एवढंच विचारलं.

बारावा जोडला तेव्हा पडद्यावर आलं: वैध.
शिवलीला हसली नाही.
बिल्ला क्रमांक एकमेव हवा, असं आपण सांगितलं होतं,
आणि डेटाबेस म्हणाला होता, चालेल,
पण सोबत तालुका घाल.
म्हणजे तो फक्त खोलीच्या आत बघतोय.
शेजारच्या खोलीत तोच बिल्ला असला
तरी त्याच्या लेखी दोघी वेगळ्या.

शोधलं. एक सापडली.
हुक्केरीत: गौरव्वा, मालक इराप्पा कमते, हत्तरगी.
निपाणीत: चंद्री, मालकीण सुनंदा भोजे, अक्कोळ.
बिल्ला तोच, बाराच्या बारा आकडे.
लसही दोनदा टोचलेली, कागदावर.

सकाळी सातला मी अक्कोळला फोन लावला.
सुनंदाबाई धारेवर होत्या.
व्हय, संकेश्वरच्या बाजारात घेतली, दोन वरीस झाली.
चंद्री आम्ही ठेवलं, पोरीनं.
पर चंद्री म्हणून हाळी दिली तर कान बी हालवंना.
शेवटाला इराप्पाला फोन केला, म्हटलं काय म्हणत हुतासा हिला?
आता धारंला बसताना
बारव्वा, बारव्वा म्हणायचं,
मग सोडती पान्हा.
मला तेवढंच येतंय तुमचं कानडी.
मी म्हटलं, माझं नाही ते, मी येळ्ळूरचा.
त्या म्हणाल्या, असू दे की.

आम्ही मग एक लहान टेबल केलं, कुठंही न वाटलेलं,
त्यात फक्त बिल्ले, एकाला एक.
नवी म्हैस आधी तिथं नाव सांगेल, मग तालुक्यात जाईल.
जुन्या नोंदींवर नियम घातला तो न तपासता,
आजपासून लागू, मागचं सावकाश बघू.
सावकाश म्हणजे कधी, ते दोघांनीही विचारलं नाही.

हुक्केरीची ओळ पुसायची होती.
नावाच्या रकान्यात एकच नाव बसतं.
शिवलीलानं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला,
मी तिच्याकडे.
तेवढ्यात नागप्पा कप न्यायला आला,
पडद्याकडे बघून म्हणाला,
हिचं दूध लागलंय किती, ते सांगा आधी.