अंदाजाने नाही

एरंडवण्यात, औषधाच्या दुकानावर
करड्या फोमची ती खोली.
दार लागलं, आणि माझीच लाळ गिळलेली मला ऐकू आली.
"काका, आवाज आला की बटण दाबायचं. अंदाजाने नाही,"
डॉक्टर पाटसकर म्हणाल्या आणि काचेपलीकडे गेल्या.

अडीचशे. दाबलं.
पांढरी एकच्या खालचा नी, केसभर चढलेला.
पाचशे: तोच, वरच्या मजल्यावर.
हजार. पुन्हा तोच.
दोन हजाराला पेटीच्या पट्ट्या संपल्या होत्या
तरी दाबलं.

मग बराच वेळ काही नाही.

त्या वेळात मला लक्ष्मी रोड आठवला,
कमरेला ताशा, दोन्हीकडे बंद शटरं,
अठरा गणपती.
कानात कापूस घालून आलेल्या हेमंत बिवलकरला
आम्ही 'अहो आजोबा' म्हणून हसलो होतो.

दाबलं.
बाई दार उघडून आत आल्या.
"आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं."

कागदावर दोन रेघा,
चार हजारापाशी पर्वतीच्या पायऱ्यांसारख्या उतरलेल्या.
माणसाचा कान वीस ते वीस हजार, त्या म्हणाल्या.
वीस हजार कोणाला येतं?
"माझ्या भाचीला. मलाही सोळाच्या पुढे शांतताच."

तरीच.
घरी मंदाकिनी म्हणते, साखर संपली,
मला येतं, आखर अंपली,
आणि मी उगाच गंभीर होतो.

दुकानात आलो. शनिपाराजवळ, पाटी लहान आहे.
एका पेटीचे दोन पितळी सूर भांडत होते.
टोकाला कानस फिरवली, भाता दिला:
दोघांच्या मधे ती थरथर,
सेकंदाला चार, तीन,
अजून एकदा कानस, दोन,
एक.
वीसच्या खाली ऐकू येत नाही म्हणे.
मी बेचाळीस वर्षं एकपर्यंत मोजतोय.
मग तीही विरली. हे अंदाजाने नाही, बाई.

संध्याकाळी नदीपात्रात पथकाचा सराव.
ढोल आधी बरगड्यांत आला, कानात नंतर.
ताशावर एक पोरगा, मिसरूडही नीट नाही,
हात मात्र पाण्यासारखा.
ओरडलो, कापूस घाल रे!
त्याला काय ऐकू येणार.
म्हणून समोर उभा राहिलो
आणि माझ्या कानाला हात लावला.

त्याला वाटलं, दाद दिली.
मान लववली त्याने,
आणि दुप्पट लय धरली.