ह्यात हलणारं काही नाही

सांतिनेजला औषधाच्या दुकानावर, लाकडी जिन्यानं वर,
एव्हारिस्तूचं दुकान. एसी एकच, तोही यंत्रांसाठी;
माणसांनी दारापाशी उभं राहायचं.

माझी जुनी डिस्क त्यानं कानाला लावली,
कलिंगड पारखावं तशी. मग माझ्या कानाला.
"आयक."
टक्. टक्. थांबून पुन्हा टक्.
"ही सांगून मरते," तो म्हणाला,
"आज रात्रीच उतरवून घे सगळं."

सगळं म्हणजे दिवाडीचे बांध, सात वर्षांचे.
ड्रोननं वरून टिपलेले, पाण्यातल्या मिठाचे आकडे,
आणि सुकूरकाकांचं बोट,
खेकड्यांनी पोखरलेली जागा दाखवणारं.
काका आता नाहीत. जागा आहे.

काचेवर त्यानं दोन ठेवल्या.
एक कपड्याच्या साबणाएवढी, जड,
आत फिरती ताटली आणि तिच्यावर एक सुई. चार टेरा.
दुसरी तिळाच्या वडीएवढी, तेवढ्याच पैशाला एक.
"स्कूटरवरून पडली तरी भिऊ नको.
मघाशी सांगितलेलं आत्ता लिहून मोकळी.
ह्यात हलणारं काही नाही."

"मग ही मरते कशी?"

त्यानं चष्मा शर्टाला पुसला.
"मरत नाही गे. नसतेच.
काल होती, आज लावलीस तर खिडकीच उघडत नाही.
आणि कपाटात बिनविजेची वर्षानुवर्षं ठेवलीस
तर हळूहळू विसरते, म्हणतात.
मी पाहिलेलं नाही अजून."

दहा हजार मंजूर करताना रोहिदास फडते तासभर भांडले होते.
दहा हजारात किती पाट्या चिखल, किती पेंढा,
"आणि हिला डबी हवी, चित्रं ठेवायला!"
मी म्हटलं, मागल्या खेपेला बांध फुटला तो कुठं,
ते तुम्ही तिघं तीन ठिकाणी दाखवता.
मग चहा आला.

एव्हारिस्तूला म्हटलं, तासाभरात फोन करते,
आणि रायबंदरहून फेरीत बसले.
पिशवीतली डिस्क मांडीवर, दोन्ही हातांत,
आजारी कोंबडी नेतात तशी.

आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे, बांधातलं दार.
भरतीचं पाणी त्याला लोटून मिटवतं,
ओहोटीला आतलं पाणी उघडतं.
जेल्फिरीन रात्री निजूनच ओळखतो
कुठली फळी सैल झालीय, आवाजावरून.
दर तीन-चार वर्षांनी फळी बदलावी लागते.
दार हलतं, म्हणून झिजतं.

हे मला पटत चाललं होतं,
साबणाची वडी जवळजवळ घेतलीच होती मनात,
तेवढ्यात बांध दिसला.
तो कुठं हलतो?
गप्प पडून असतो गवताखाली, वर्षभर शहाणा,
आणि आतून पोकळ झालेला एके पहाटे नसतोच.
ना टक्, ना करकर.
तरी त्याच्यावाचून दाराला बसायला जागा नाही.

बांधावरूनच फोन लावला.
"मोठी दे. आणि छोटी बाजूला ठेव, पगार झाला की नेईन.
माझ्या पैशानं."
"दोन्ही?"
"आणि तिसरी प्रत तुझ्याकडे ठेवशील?"
तो हसला. "माझं दुकान पहिल्या मजल्यावर आहे, बाय,
पाणी आलं तरी वेळ लागेल."

उलट्या पावली फेरी. पुन्हा जिना. पुन्हा फेरी.

आता रात्रीचे दीड.
जुनी चालू आहे, तिच्या पाठीवर तळहात ठेवलाय,
ताप बघतात तसा. गरम आहे. थरथरतेय.
पडदा विचारतो, कुठून सुरू करू?
ड्रोन म्हटलं असतं समितीनं.
मिठाचे आकडे म्हटलं असतं साहेबांनी.
मी आधी ते बोट ओढलं,
चाळीस सेकंदांचं, हललेलं, निम्मं आभाळ.

टक्.
थांबली.
मी श्वास धरून.
टक्.